लाजेचे चार गोल

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलीला नाही, आणि ज्या भावाला बांधाच्या भांडणापासून रक्तातल्या साखरेपर्यंत सगळं सांगतो, त्यालाही नाही. नऊ वर्षांपूर्वी आमच्या शाळेत दहावीच्या पूर्वपरीक्षेचा इंग्रजीचा पेपर फुटला होता. तो मी फोडला. आळ दुसऱ्या बाईंवर आला, आणि मी तो येऊ दिला.

मी इंग्रजीचा मास्तर. आष्ट्यापासून थोड्या अंतरावरच्या एका गावात अठ्ठावीस वर्षं शिकवतोय. यंदा जानेवारी सरता सरता शाळेमागचा ऊस तुटला आणि त्या मोकळ्या रानात जतकडची मेंढरं बसायला आली. दरवर्षीच येतात. तिकडचा चारा संपला की कळप इकडं बागायतीत उतरतात, आणि शेतकरीही खतासाठी त्यांना रानात बसवून घेतात. दहावीच्या वर्गाच्या खिडकीतून सगळा कळप दिसतो. ऊन चढलं की मेंढरं चरायची थांबतात, एकमेकांच्या पोटाखाली डोकी घालतात आणि गोल करून उभी राहतात. नुसत्या पाठी दिसतात, तोंड एकाचंही दिसत नाही.

परवा खिडकीशेजारचा एक पोरगा म्हणाला, "सर, सगळ्यांचंच कायतरी चुकलंय वाटतं."

वर्ग हसला. मी खडू शोधायला लागलो. खडू हातातच होता.

या दिवसांचा एक वास आहे. गुऱ्हाळाच्या काहिलीतल्या रसाचा, पेटवलेल्या पाचटाचा, आणि त्यात नव्या उत्तरपत्रिकांच्या कागदाचा. पाचटाची काळी काजळी उडत उडत वर्गात येते, पोरांच्या वह्यांवर बसते आणि पुसायला गेलं की पसरते. रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या गाणी वाजवत जातात आणि आत पोरं निबंध पाठ करत असतात. लोकांना हे दिवस कसे वाटतात ठाऊक नाही. मला या दिवसांत कुणाच्याच चेहऱ्याचा भरवसा वाटत नाही. आरशातल्याही नाही.

लाजेला इंग्रजीत पुष्कळ शब्द आहेत. शाय म्हणजे मुळातच बुजरा. त्यानं काही केलेलं नसतं. अशेम्डनं काहीतरी केलेलं असतं आणि ते त्याला आतून ठाऊक असतं. एम्बॅरॅस्डला चारचौघं लागतात. बघणारं कुणी नसेल तर तो शब्द लागू होत नाही. मॉर्टिफाइडच्या पोटात मरण आहे, आपण मेल्याहून मेल्यासारखं झालं म्हणतो तेच. फ्लश तापानं होतो, रागानं होतो, चुलीपुढं बसल्यानं होतो. आणि ब्लश. ब्लश म्हणजे लाजेनं गालावर लाली चढणं. हा शब्द मी इतकी वर्षं शिकवला, पण आमच्या घरात ब्लश झालेलं माणूस मी पाहिलेलं नाही. आमची माणसं रापलेली. भावाची नवरी उंबरा ओलांडून आत आली तेव्हा बायका म्हणाल्या, लाजून लाल झाली बघा. मी बघितलं. लाल तिच्या हातावरची मेंदी तेवढी होती. आपल्याकडं तोंड उतरतं, तोंड पडतं, कानशिलं तापतात. ही तापलेली कानशिलं ज्याची त्याला कळतात, दुसऱ्याला दिसत नाहीत. मी तर घरात सगळ्यांत काळा. या रंगानं मला शाळेत रडवलं होतं. पुढं त्यानंच मला वाचवलं.

सुवर्णा हाक्के मॅडम आमच्याकडं तिसऱ्या वर्षाला होत्या. जत तालुक्यातल्या एका वाडीच्या. वडिलांची मेंढरं होती, नंतर ती कमी करून ते थोडी ज्वारी करू लागले. घरात शिकलेली ही पहिलीच मुलगी. त्या तासिका तत्त्वावर होत्या, म्हणजे शिकवतील तेवढ्या तासांपुरत्या, आणि दर जूनला नेमणूक नवी. आष्ट्यात खोली घेऊन राहायच्या. त्या वर्षी एक जागा रिकामी होत होती आणि जूनमध्ये मॅडमना कायम करायचं, असं जवळजवळ ठरलं होतं. वर्गात स्वच्छ पुस्तकी बोलायच्या. खोलीची किल्ली हरवली, बस चुकली की जतची बोली बाहेर यायची.

माझी ऋतुजा त्या वर्षी दहावीत, आमच्याच शाळेत. ज्याचं मूल दहावीत त्यानं आपल्या विषयाचा पेपर काढायचा नाही, तपासायचा नाही, बघायचाही नाही, असा आमच्याकडं नियम. म्हणून पूर्वपरीक्षेचा पेपर हाक्के मॅडमकडं आला.

एका रविवारी सकाळी त्या घरी आल्या. गावाकडून हुरडा आणला होता, वर्तमानपत्रात बांधलेला, अजून ओलसर. बायकोनं चहा ठेवला. मॅडमनी पर्समधून चार पानं काढली.

"सर, पहिल्यांदाच काढलाय पेपर. एकदा नजर टाकता का?"

"मला चालत नाही मॅडम. ऋतुजा आहे ना."

"कुठाय ती?"

"शिकवणीला गेलीय."

"मग बघा की. तुमच्यावर विश्वास न्हाई ठेवायचा तर कुणावर ठेवायचा?"

मी बघितला. चांगला काढला होता. वर्ड रजिस्टर नावाचा एक प्रश्न असतो. मधोमध एक शब्द, भोवती चार रिकामे गोल, त्यात त्या शब्दाच्या नात्यातले चार शब्द भरायचे. मधे त्यांनी फार्मर लिहिलं होतं.

"दरवर्षी शेतकरीच," मी म्हणालो. "वेगळं काहीतरी द्या. एम्बॅरॅस्ड द्या."

त्या हसल्या. मग आम्ही दोघंच ते गोल भरायला लागलो. मॉर्टिफाइड, क्रिमसन, ब्लश. चौथा मी सांगितला, शीपिश.

"म्हणजे?"

"ओशाळलेला. मेंढरासारखा. मान खाली घालून उभा राहतो ना, तसा."

"ह्ये कुणी काढलं?" मॅडमनी कप खाली ठेवला. "मेंढरं लाजत न्हाईत, सर. डोक्याला ऊन सोसत न्हाई म्हणून मान खाली घालतात. दुसऱ्याच्या पोटाखाली सावली घावती. आमच्या बाबांना सांगितलं तर दिवसभर हसत बसतील."

आतून बायको म्हणाली, "आणि लाजायला मेंढरांनी केलंय काय?"

तिघंही हसलो. हुरड्याला मीठ जरा जास्त झालं होतं. मॅडमनी फार्मर खोडून तो नवा शब्द लिहिला, पानं पर्समध्ये ठेवली आणि गेल्या.

आता जे लिहितो ते मी नऊ वर्षं वेगळ्या तऱ्हेनं स्वतःला सांगत आलोय. मी स्वतःला सांगायचो, की त्या दिवशी संध्याकाळी जेवताना सहज विषय निघाला. मी पेपर दाखवला नाही. प्रश्न सांगितला नाही. बाप इंग्रजीचा मास्तर आहे, ताटावर शब्दांचा खेळ रोजच चालतो, त्या दिवशीही चालला. यातलं एकेक वाक्य खरं आहे. म्हणूनच मला त्याचा संशय येतो. सहामाहीत ऋतुजा इंग्रजीत तिसरी आली होती आणि गणिताच्या सरांची मुलगी पहिली. ते सर शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांदेखत म्हणाले होते, "काय सर, घरी शिकवायला वेळ मिळत नाही वाटतं?" माझी कानशिलं तापली होती. तो ताप तीन महिने उतरला नव्हता. त्या संध्याकाळी विषय निघाला नाही, मी काढला.

"ऋतू, लाजेला इंग्रजीत काय काय म्हणतात, सांग बघू."

तिनं दोन सांगितले, शाय आणि अशेम्ड. पेपरातले चारही मी सांगितले, क्रमानं. मेंढरांची गोष्टही सांगितली. ती खूप हसली. दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना तिनं ती मैत्रिणींना सांगितली असणार. तिच्या दृष्टीनं ती गंमत होती. परीक्षेला अजून आठ दिवस होते.

परीक्षेनंतर पेपर तपासताना हाक्के मॅडम माझ्या टेबलापाशी आल्या. हातात पाच उत्तरपत्रिका.

"सर, ह्या पाचीजणींचे चारी शब्द तेच. क्रमसुद्धा आपलाच. शीपिश पण हाय."

"योगायोग असेल."

"पाच जणींचा? कुणीतरी सांगितलंय ह्यांना. मी मोठ्या सरांना दाखवते."

"आता कशाला? बोर्ड महिन्यावर आलंय. जाऊ द्या."

"मग बाकीच्या पोरांनी काय केलंय?"

आणि त्या गेल्या. स्वतःच्या पायानं गेल्या. ऋतुजा त्या पाचांत नव्हती, म्हणून मॅडमना माझी शंकाही आली नाही. मलाही तेव्हा कळलं नव्हतं, ती त्या पाचांत का नाही ते.

बैठक मोठ्या सरांच्या, म्हणजे मुख्याध्यापकांच्या खोलीत झाली. आम्ही सात-आठ जण. सरांनी उत्तरपत्रिका टेबलावर पत्त्यांसारख्या मांडल्या होत्या. ते कडक, पण वाईट माणूस नव्हते. शाळेचं नाव जाईल या भीतीनं त्यांचा आवाज चढायचा.

"हा शीपिश," ते मला म्हणाले, "पुस्तकात आहे का?"

"नाही," मी म्हणालो. त्या बैठकीत मी बोललेला हा एकच शब्द, आणि तो खरा होता.

गणिताचे सर म्हणाले, "मेंढराचा शब्द आहे म्हणल्यावर कुणाच्या तोंडचा असणार, वेगळं सांगायला नको."

दोघं-तिघं हसले. हसू मोठं नव्हतं, पण सगळा संशय त्या हसण्यावर बसून मॅडमच्या खुर्चीपर्यंत पोचला. त्यानंतर कुणी दुसरीकडं बघितलंच नाही. त्या मुलींना बोलावून विचारावं, असंही कुणाला सुचलं नाही. पाच मुली, एक शब्द आणि जतची बाई, एवढ्यावर हिशेब जुळला. हा शब्द जिथून आला त्या देशात मेंढरं राखणारे कोण असतात, ते कुणाला विचारावंसं वाटलं नाही. मला ठाऊक होतं, की ज्याच्या घरी दोन म्हशी आणि चार एकर ऊस आहे अशा माणसानं तो सांगितला होता.

"मॅडम," मुख्याध्यापक म्हणाले, "पेपर तुमच्याशिवाय कुणी बघितला होता?"

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. आठवण करून देण्यासारखं बघितलं आधी, आता सर सांगतील अशा विश्वासानं. मी डायरीत लिहीत होतो. काय लिहीत होतो ते आजही सांगता येईल. त्या दिवसाचा वार, पुन्हा पुन्हा, एकावर एक. मी मान वर केली नाही. पण माणूस बघत नसतानाही त्याला दिसतं. त्यांना कळलं, ते मला दिसलं. कानाच्या पाळ्यांपासून सुरुवात झाली. मग गळा, मग गाल, भट्टीतून काढलेल्या विटेसारखा तो चेहरा गडद होत गेला. आयुष्यात मी पाहिलेला तो एकमेव ब्लश. तो त्यांच्या लाजेचा नव्हता. माझा होता. माझ्या कातडीवर तो उमटला नाही म्हणून त्यांच्यावर उमटला. असल्या लाजेला इंग्रजीत शब्द असला तर तो मला माहीत नाही, आणि मराठीत शोधायची मी हिंमत केली नाही.

मग त्यांनी मान खाली घातली.

"नाही सर," त्या म्हणाल्या. "कुणी नाही."

"राहू दे," मुख्याध्यापक हळू म्हणाले. "तोंडच सांगतंय."

उत्तरपत्रिका पालकांच्या सहीसाठी घरी आल्या. ऋतुजाचीही आली. त्या प्रश्नात तिनं दोन गोलांत शाय आणि अशेम्ड लिहिलं होतं. उरलेले दोन गोल रिकामे. अक्षर इतकं सुबक की ते विसरलेलं वाटेना.

"हे का सोडलंस?"

"आठवलं नाही," ती म्हणाली आणि दप्तर आवरायला लागली.

मी सही केली. त्या पानावर खाली माझी सही, वर तिचे दोन रिकामे गोल. पंधरा वर्षांच्या पोरीनं पेपर हातात पडताच ओळखलं होतं आणि हात आवरला होता. तिच्या त्या प्रामाणिकपणामुळंच माझं नाव कुणाच्या मनात आलं नाही. याचा मला आनंद झाला होता. हेही लिहायला हवं म्हणून लिहितो. आधी आनंद झाला, बाकीचं नंतर.

फेब्रुवारीच्या शेवटच्या शनिवारी मॅडम आष्ट्याच्या एसटी स्टँडवर भेटल्या. म्हणजे मी टाळून चाललो होतो, त्यांनीच हाक मारली. जतची गाडी लागायची होती. उसाच्या रसाच्या गाड्याचं घुंगरू वाजत होतं.

"सर, मी तुमचं नाव का घेतलं न्हाई, ठाऊक हाय का?"

मी गाड्यांच्या पाट्या वाचायला लागलो.

"ऋतुजाचा पेपर मीच तपासला. तिला सगळं येत हुतं, तरी न्हाई लिवलं तिनं. तुमचं नाव घेतलं असतं तर त्या पोरीला बोर्डाच्या तोंडावर सगळ्यांनी चोर ठरवलं असतं. तिच्यासाठी गप बसले. तुमच्यासाठी न्हाई."

"मॅडम, माझं चुकलं..."

"ते मला नका सांगू. मला ठाऊकच हाय. बोर्डाची परीक्षा झाली की मोठ्या सरांना सांगा. जूनमध्ये माझ्या जागेचं ठरतंय. एवढं करा."

"परीक्षा झाली की सांगतो," मी म्हणालो.

त्यांनी माझ्या चेहऱ्याकडं नीट बघितलं. काही दिसतंय का ते शोधत असाव्यात. मग गाडी लागली.

परीक्षा झाली. मी म्हटलं, निकाल लागू दे. निकाल लागला, ऋतुजाला इंग्रजीत त्र्याण्णव मिळाले, गणिताच्या सरांनी पेढा खाताना पाठीवर थाप मारली. मी म्हटलं, शाळा उघडू दे. शाळा उघडली. वेळापत्रक करायचं काम माझ्याकडं असायचं. त्यात प्रत्येक शिक्षकाची दोन अक्षरं असतात. मॅडमची होती सु.हा. मुख्याध्यापकांनी नवं नाव सांगितलं. मी पट्टी धरून, शाई पसरू न देता, सहा दिवसांच्या तासांतून सु.हा. काढलं आणि तिथं दुसरी दोन अक्षरं लिहिली. हात थरथरला नाही. थरथरला असता तर आज सांगायला बरं झालं असतं.

परीक्षेच्या दिवसांत पर्यवेक्षणाला उभं असताना एखाद्या पोराचा चेहरा बदलला की इतर शिक्षक त्याची झडती घेतात. तेव्हापासून मी घेत नाही. सगळे म्हणतात, सर मऊ आहेत. मऊ नाही. चेहऱ्यावरून काही कळत नाही याचा जिवंत पुरावा मी आहे, एवढंच. आणि बायको? त्या रविवारी तीही घरात होती. मॅडम पेपर घेऊन आलेल्या तिनं बघितलं होतं. मॅडम शाळा सोडून गेल्याचं कळलं तेव्हा ती भाकरी थापत होती. "बरी हुती बिचारी," एवढंच म्हणाली आणि भाकरी उलटली. त्या वाक्यात काय होतं, ते मी नऊ वर्षं चाचपतोय. विचारत नाही. विचारलं तर ती सांगेल.

ऋतुजा आता पुण्याला नोकरी करते. दर आठवड्याला फोन असतो. पण दरवर्षी याच दिवसांत ती एक प्रश्न विचारतेच.

"आप्पा, मेंढरं आली का शाळेमागं?"

"आली."

"बरं," ती म्हणते. मग जेवणाचं, औषधाचं विचारते. ती नुसतीच विचारते, का दरवर्षी मला एक संधी देते, याचा मला निकाल लावता आलेला नाही.

यंदा परवाच्या त्या हसण्यानंतर मधल्या सुट्टीत मी रानात गेलो. म्हातारा मेंढपाळ बांधावर बसून भाकरी खात होता. रामराम झाला.

"कुठली वाडी, बाबा?"

त्यानं नाव सांगितलं. मॅडमचीच वाडी निघाली. निघणारच होती, मी वाडी ओळखूनच गेलो होतो, सकाळी शाळेत येताना त्याच्या काठीला बांधलेल्या पिशवीवर तिथल्या किराणा दुकानाचं नाव वाचलं होतं.

"तिथं हाक्क्यांची एक मुलगी होती. सुवर्णा. शिक्षिका."

"हाय की. वाडीतच पोरांच्या शिकवण्या घेती. लय चांगली शिकवती." त्यानं कांदा फोडला. "पर शाळंत न्हाई घेतलं कुणी. दोन-तीन जागी जाऊन आली. हिकडं आष्ट्याच्या बाजूला कायतरी पेपरचं लफडं झालं हुतं म्हनं. त्ये समद्या शाळंत पोचतंय तिच्या आदी."

"तिनं केलं होतं?"

"तिचा बाप म्हनतोय, न्हाई केलं. आता बाप तसं म्हननारच की." त्यानं माझ्या पांढऱ्या शर्टाकडं, खिशातल्या लाल पेनाकडं बघितलं. "तुमी कोण म्हनायचं?"

"मी इथल्या शाळेत मास्तर."

"मग आवं गुरुजी, तुमास्नी ठाऊक आसंल की. केलं हुतं का तिनं?"

समोर मेंढरं गोल करून उभी होती. शाळेची घंटा झाली. म्हातारा घास हातात धरून थांबला होता. त्याला काही शंका नव्हती माझ्याबद्दल. सगळ्या जगात त्या दुपारी तो एकटाच माझ्याकडं निर्मळपणे बघत होता.

"नाही," मी म्हणालो. "त्यांनी नाही केलं."

"आसं व्हय," तो म्हणाला. "मग केलं कुणी?"

मी म्हणालो, तास आहे, येतो. आणि निघालो. ढेकळांतून चालताना पाठीवर ऊन होतं आणि कानशिलं तापली होती. मागून कुणाला काही दिसलं नसणार.

ते मुख्याध्यापक निवृत्त होऊन शिराळ्याला राहतात. तब्येत बरी आहे, ऐकू येतं, मला ओळखतात. गणिताचे सर अजून माझ्या शेजारच्या टेबलावर बसतात. संस्थेच्या कपाटात त्या बैठकीचं इतिवृत्त आहे. त्यावर इतरांबरोबर माझीही सही आहे. आता मी हे सगळं इथं लिहिलं. पण लिहिलं म्हणून फिटलं नाही. हे वाचणारा दूर बसलेला असतो, त्याच्यापुढं माझ्यासारख्याची जीभ सैल सुटते. मॅडमनी मला कागदावर लिहायला सांगितलं नव्हतं. म्हाताऱ्यालाही मी अर्धंच उत्तर देऊन आलो.

पेपर हाक्के मॅडमनी फोडला नाही, मी फोडला, हे वाक्य मला शिराळ्याला जाऊन सरांच्या तोंडावर म्हणायचं आहे, शाळेच्या त्या खोलीत सगळ्यांसमोर म्हणायचं आहे, त्या इतिवृत्ताखाली माझ्या हातानं लिहायचं आहे, आणि मग वाडीवर जाऊन मॅडमच्या वडिलांना सांगायचं आहे. बोर्डाची परीक्षा झाली की सांगतो, असं मी म्हणालो होतो. परीक्षा होऊन नऊ वर्षं झाली. सांगायचं राहिलं आहे.